रुमालाखालचा भाव

“भाव चारचौघांत बोलायचा नसतो,” नागप्पा म्हणायचे.

उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांची अडत. पूर्वी तिथं सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पुढं उघडे लिलाव सुरू झाले, पण नागप्पांच्या खांद्यावरचा रुमाल काही उतरला नाही.

आजारही त्यांनी तसाच झाकला. लघवीची धार थेंबांवर आली तरी चार वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. दुकानात पाणी पिणंच सोडलं. एका सकाळी ती पार अडली आणि नळी घालून पिशवी लावावी लागली. आता पिशवीवर रुमाल टाकून ते घरात बसत. पिशवी घेऊन दुकानाच्या गादीवर बसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

मुलगा राजशेखर आणि बायको उमाबाई त्यांना लातूरला घेऊन गेले. डॉक्टरांच्या केबिनला दाराऐवजी पडदा होता.

डॉक्टर म्हणाले, “प्रोस्टेटची वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून खरवडून काढता येते, लेझरनंही काढता येते. फारच मोठी असती तर पोट उघडावं लागलं असतं. तुमची लेझरनं निघेल. पण इतकी वर्षं तुंबून मूत्राशय लुळं पडलंय. वाट मोकळी करू, पण जोर कोण लावणार? आधी आला असता, तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं.”

“रात्री सारखं का उठता, असं मी इचारलं की म्हणायचे, कुत्रं हाकलाय उठलो,” उमाबाई म्हणाल्या. “चार वर्षं कुत्रं हाकलत राहिले!”

नागप्पांनी पिशवीवरचा रुमाल उचलला, हातावर टाकला आणि टेबलापलीकडं हात पुढं केला. नळी सुटायची आशा किती, एवढंच त्यांना बोटांवर हवं होतं. डॉक्टरांना वाटलं, नाडी दाखवतायत.

राजशेखर हसला. “आप्पा, मोंढा न्हाई हा! डॉक्टरसाहेब, नळी निघंल का, ते इचारायलेत.”

“अर्ध्याअर्धी,” डॉक्टर मोठ्यानं म्हणाले.

पडद्याबाहेरची कुजबुज थांबली. तेवढ्यात राजशेखरचा फोन वाजला. शेजारच्या अडतीतला मलप्पा होता.

“हाव काका, आप्पाचंच. लघवीचं हाय. आपरेशन करून टाकू म्हणलं. पर नळी निघंल का न्हाई, अर्ध्याअर्धी म्हणतेत.”

संध्याकाळपर्यंत मोंढाभर होणार होतं.

नागप्पांनी हात मागं घेतला. रुमाल टेबलावरच राहू दिला. अर्धी भरलेली पिशवी हातात धरून ते उठले, पडदा सारला आणि बाकांवरच्या माणसांमधून बाहेर निघून गेले.