काकीच्या खाचरातली अर्धी सावड

माझ्या नणंदेच्या पाड्यावर मोबाईल लागत नाही. घरामागच्या चढावर जांभळाचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं तरच आवाज येतो, तोही शहापूरच्या दिशेला तोंड केलं तर. असं तिथले लोक सांगतात. मी एकदा डोंगराकडे तोंड करूनही बोलून बघितलं होतं, तेव्हाही आवाज आला होता. पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

रोज सकाळी दूध तापवून झालं की मी त्या झाडाखाली जाऊन उभी राहायचे. एका सकाळी आमच्या ह्यांचा फोन आला.

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. परवा शहापूरला न्यायचंय. तू उद्या सकाळच्या गाडीनं निघ."

मी बरं म्हटलं. मी बहुतेक वेळा बरंच म्हणते. फोन ठेवला आणि समोर बघितलं तर डोंगराच्या कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. त्यांतली एक रेघ थेट वरच्या घरातल्या काकीच्या भातखाचरावर पडते असं खालून वाटतं. मला एकदम आठवलं की काकीची लावणी अजून व्हायची आहे.

आमचं गाव आटगाव स्टेशनच्या पलीकडे. तिथून मी मुरबाड तालुक्यातल्या ह्या पाड्यावर आले ती ज्येष्ठात. ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या पायाला प्लास्टर बसलं. भावोजी ट्रकवर असतात, गणपतीला येतात. लेक सासरी. घरात ताई एकटीच, आणि लावणी तोंडावर आलेली. म्हणून मला पाठवलं. लग्नानंतर माहेर आणि सासर सोडून मी कुठेच राहिले नव्हते. इथे आल्यावर सगळंच बघत बसावंसं वाटायचं. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर ओली लुगडी का वाळत घालतात, म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं घोंगडं माणसाच्या आधी वासराच्या अंगावर का पडतं, असं काहीबाही. विचारायची लाज वाटायची, म्हणून मी नुसती बघायचे. पुष्कळदा बघूनच कळायचं.

सगळ्यात जास्त मी बघितली ती सावड. आमच्याकडे आता घरातली माणसं रेल्वेचा पास काढून कामाला जातात आणि लावणीला रोजाच्या बायका आणतात. संध्याकाळी मजुरी दिली की संपलं. पाड्यावर मजुरी नाही. आज सगळ्या बायका मिळून एकीचं खाचर लावतात, उद्या दुसरीचं. जिचं लावलं तिनं बाकी सगळ्यांच्या खाचरात जाऊन ते फेडायचं. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरत नाही. ताईचा पाय मोडलेला म्हणून सगळ्यांनी मिळून तिचं खाचर सर्वांत आधी लावून टाकलं. मग ताईच्या वाटची फेड माझ्यावर आली. मी एकेकीच्या खाचरात जात राहिले. सगळ्यांचं झालं. एकटी काकी राहिली.

काकी म्हणजे वरच्या टोकाच्या घरात राहणारी म्हातारी. सगळ्या तिला काकीच म्हणतात. तिचं खाचर सगळ्यात वर, कड्याच्या पायथ्याशी. वरून पाणी कोसळत असलं तरी तिथे ते ठरत नाही. पाऊस चांगला मुरला की मगच चिखल होतो, म्हणून तिचा नंबर दरवर्षी शेवटी.

ह्या काकीची मला थोडी भीती वाटायची. आम्ही खाली लावणी करत असलो की ती डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बांधावरून जायची, माझ्यापाशी थांबायची आणि माझ्या हातांकडे बघत राहायची. बोलायची नाही. मी मान खाली घालून लावत राहायचे. मला वाटायचं, माझी रोपं वाकडी जातायत. त्यात मला पहिल्या दिवसापासून ओळीच्या अगदी डाव्या टोकाला उभं केलेलं. बांधालगत. तिथे काटे असतात, खेकड्यांची बिळं असतात. बाहेरची बाई, हिला कडेला टाकलं, असं मी मनात धरलं होतं.

ताईची एक चुलत जाऊ आहे, तिची जीभ कधी थांबत नाही. ती ओळीच्या मधून ओरडायची, "वयनी, खेकडा चावला तर सांग गो, नायतर तूच त्याला चावशील." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण आवाज न करता.

तर मी उद्या निघणार ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या पाड्याला कळली. भाकरी खाताना ताईनं एकदा विचारलं, "काकीच्या खाचरात चिखल झाला का गो?" मी म्हटलं, "उद्या सकाळी काकीचा पुतण्या बैल घालणार म्हणे. बायका परवा जाणार." ताई हं म्हणाली. परवा मी शहापूरला असणार होते.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी काकी आली. ओट्यावर बसली नाही, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.

"तुजी वयनी चाललीय म्हनं."

"सासूचा डोळा हाय, काकी," ताई म्हणाली.

"मग जाऊ दे तिला. माजी सावड मी सोडली. सासूचा डोळा मोठा, माजं खाचर काय पळून जात नाय."

एवढं बोलून ती वळली. जाताना माझ्या हातांकडे बघितलंच.

माझा जीव हलका झाला. मी ताईला म्हटलं, "बरं झालं ना, ताई." ताईनं प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय बरं झालं? सोडली म्हनली ती."

"मग?"

"मग काय. उद्या तिचं छप्पर गळलं, मानूस लागलं, तर ती माज्या दारात येल का? आन माजं काय अडलं तर मी कुठल्या तोंडानं वर जाऊ? देनं असलं की मानूस येतं-जातं. नायतर काय हाय गो, ती वर आन मी खाली."

आमच्याकडे कुणी म्हटलं की राहू दे, फेडू नको, तर लोक हात जोडतात. इथे ताईच्या डोळ्यांत पाणी. मी भांडी घासता घासता ह्याचाच विचार करत होते. काकीनं खरंच माझ्या सासूसाठी सोडली, की ताईशी तोडण्यासाठी? की तिला माझा हात तिच्या खाचरात नकोच होता? इतके दिवस काय बघत होती ती? मी निघून गेले असते तर हे मला कधीच कळलं नसतं. खरं सांगायचं तर ताईच्या अब्रूइतकंच हेही मला टोचत होतं.

भांडी पालथी घातली आणि पुन्हा जांभळाखाली गेले.

"उद्या दुपारच्या गाडीनं येते."

"सकाळची का नाय? बंद हाय?"

"सकाळची आहे. मी दुपारच्या गाडीनं येते."

हे म्हणाले, "बरं."

सकाळी मेणकापड पांघरून वर गेले. पुतण्या खाचरात बैल फिरवत होता, निम्मा चिखल अजून व्हायचा होता. काकी पाटाच्या पाण्यात रोपांची मुळं धूत होती.

"सोडली म्हटलं ना तुला."

"हो," मी म्हटलं. "पण मी आलेय आता."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि रोपांची एक मूठ माझ्या दिशेनं फेकली. मी झेलली.

आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून लावायला लागलो. काकीला फार वाकता येत नव्हतं, ती मधे मधे कंबरेवर हात ठेवून थांबायची. मला काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते कळेना. एक आख्खी ओळ लावून झाली तेव्हा लक्षात आलं. बाकी बायकांबरोबर लावताना मी टोकाला असले तरी कधीमधी शेजारणीचा कोपर मला लागायचा. इथे आमचे कोपर एकदाही एकमेकींना लागले नव्हते. मी काकीच्या हाताकडे बघितलं. मूठ तिच्या उजव्या हातात होती. ती डाव्या हातानं लावत होती. माझ्यासारखीच.

मी बघतेय हे तिनं बघितलं.

"तुला मारलं का?" तिनं विचारलं.

"कुणी?"

"ह्या हातावरनं."

"गुरुजींनी. चौथीपर्यंत होते शाळेत. लिहायचा हात बदलला त्यांनी. बाकी सगळं डाव्याच हातानं."

"म्हंजे लिवतेस उजव्यानं?"

"हो."

"आन जेवतेस?"

"चारचौघांत उजव्यानं."

काकीचं अंग हलायला लागलं. मला वाटलं कंबर धरली. पण ती हसत होती. "मी पन," ती म्हणाली. "माज्या सासूनं हाताला फडकं बांधलं होतं. लावनीला सोडायची तेवढी. चिखलात कोन बघतंय."

मग तिनंच सांगितलं की ओळीचं डावं टोक ही तिची जागा. डावरी बाई मधे उभी राहिली की कोपराला कोपर लागतो, म्हणून तिला तिथे उभं करायचे. कंबर गेल्यापासून ती जागा रिकामी असायची. मी आले तेव्हा ताईनंच झोपल्या जागेवरून सगळ्यांना निरोप पाठवला होता, वयनी डावरी हाय, तिला काकीच्या जागी घ्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईही नाही. मी पण कधी विचारलं नव्हतं.

"इतके दिवस बघत होता तुम्ही," मी म्हटलं. "बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

आम्ही लावत राहिलो. पुतण्या बैल घेऊन खाली गेला. ढग खाचरापर्यंत उतरले होते, काकी दिसायची, तिच्या पलीकडचा बांध दिसायचा नाही. निम्मं खाचर हिरवं झालं असेल, तेव्हा काकी म्हणाली, "बास. वर ये."

"अजून राहिलंय ना. गाडीला वेळ आहे."

"राहू दे."

"मी उरकते पटकन."

काकीनं माझ्या हातातली मूठ काढून घेतली. "बाकीच्या येतील उद्या, त्या लावतील. ते त्यांचं. तुजी अर्धी राहिली. जाऊन नणंदेला सांग, अर्धी राहिली म्हनून."

मी चिखलातच उभी राहिले. मग पाय धुवायला पाटावर गेले.

ताई ओट्यावर खांबाला टेकून बसली होती, वरच्या वाटेकडे तोंड करून. मी म्हटलं, "काकीनं सांगितलंय, अर्धी राहिली."

"काय म्हनली?"

"अर्धी राहिली, म्हणाली."

"सोडली नाय म्हनली?"

"नाही. अर्धी राहिली."

ताईनं मला तिसऱ्यांदा विचारलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि हुकूम सोडायला लागली. शिंक्यातलं सुकट घे, नाचणीचे पापड घे, आईला सांग डोळा चोळू नको. पिशवी भरेपर्यंत ती थांबली नाही. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तुमचा पाय बरा झालेला असेल. तुम्हीच फेडा."

"पाय बरा झाला तर माजी मी देन," ताई म्हणाली. "ही अर्धी तुजी हाय."

आमच्याकडे पाहुणी निघाली की आळीतल्या बायका ओटी भरायला दारात येतात. इथे कुणी आलं नाही. मला ते मघापासून थोडं लागत होतं. पण गाडीच्या रस्त्याकडे जाणारी वाट खाचरांच्या बांधावरूनच जाते, आणि बायका त्या वाटेकडच्याच एका खाचरात पावसानं वाहून गेलेली रोपं पुन्हा लावत होत्या, पाठी वाकवून, निळ्या-पिवळ्या मेणकापडांची एक ओळ. मी बांधावर आले तरी एकही उठली नाही. ओळीत कुणी सरळ उभं राहिलं तर तिच्या वाटची पात मागे पडते, हे मला आता ठाऊक होतं.

"कोन चाललंय गो?" चुलत जावेचा आवाज आला. मान खालीच.

"डावरी चालली."

"खेकड्यांना सांगितलं का? रडत बसतील."

"सासूला दिसायला लागलं की आमाला बघायला घेऊन ये."

"अर्धी ठेवून चाललीय म्हनं. पळून जाते काय?"

एकेक पाठ बोलत होती आणि मला कुठली कुणाची ते आवाजावरूनच कळत होतं. मी म्हटलं, "येते हां," ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. बांध संपला तिथे मागे वळून बघितलं. ओळ मागे मागे सरकत होती. डाव्या टोकाला एका बाईपुरती जागा मोकळी होती. मुद्दाम ठेवली होती की ती तशीच असते, दुरून सांगता येत नव्हतं.

जीपनं मुरबाडला आले, तिथून एसटीनं शहापूर. सासूबाईंचा डोळा नीट झाला, आता त्यांना माझ्या भाकरीवरचे डाग दिसतात. मला मात्र एक गोष्ट अजून कळलेली नाही. पुढच्या आषाढात मी त्या टोकाला उभी राहिले, अर्ध्याचं पुरं करायला लागले, तर काकी मला ते पुरं करू देईल, की त्यातलंही अर्धं ठेवून घेईल? फोनवर विचारता आलं असतं. ताई आता काठी टेकत जांभळाखाली येते, रोज बोलते. पण हे मी तिला विचारलेलं नाही.