बसून काय येतं?

खोली आठ दिवसांत रिकामी करायची होती आणि मी देवळात बसून होतो. २००३-०४ च्या सुमारास मी पुण्याजवळ लवळ्याला एका वसतिगृहाच्या खानावळीत आचारी होतो. राहायची खोली कामाबरोबरच मिळालेली. मग कंबरेनं दगा दिला. भट्टीपुढं दहा मिनिटंही उभं राहवेना. काम गेलं, म्हणजे घरही गेलं. गावाकडं भावांच्या घरात आम्हाला जागा नव्हती. बायको भांडी पोत्यात भरत होती, लेक सातवीत. मी मात्र रोज भैरवनाथापुढं जाऊन म्हणायचो, तूच काहीतरी कर. खरं सांगायचं तर तो ऐकतो की नाही, याचीच मला शंका येऊ लागली होती.

तिसऱ्या दिवशी देऊळ झाडणाऱ्या मावशी समोर येऊन बसल्या. लवळ्यातल्याच शेतकरी घरातल्या. माझी त्यांची ओळख नव्हती. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "हुबं ऱ्हाता येत न्हाई. मग बसून काय येतं तुला?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, तीनशे माणसांना किती डाळ-तांदूळ लागतो ते तोंडपाठ आहे. भाजी हातात घेतली की कळते. कोठीची किल्लीही माझ्याकडंच असायची.

"मग ह्येच सांग जाऊन."

एका कँटीनमध्ये गेलो आणि नकार घेऊन परत आलो.

"काय म्हनलास तितं?" मावशींनी विचारलं.

"म्हणालो, काहीही काम द्या."

"काईबी म्हंजी काय? मी मालक हाय समज. बोल आता."

पन्नाशीकडं झुकलेला मी देवासमोर घोकू लागलो: मी कोठी सांभाळीन, माल वाया जाऊ देणार नाही आणि राहायला खोली लागेल. खोलीचं बोलताना आवाज खाली जायचा. "मान वर कर. पुन्यांदा," मावशी म्हणायच्या. असं तीन दिवस चाललं.

सातव्या दिवशी दुसऱ्या एका कँटीनच्या मालकांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि कोठीशेजारची खोली उघडून दाखवली. बायकोनं आत जाऊन पोतं खाली ठेवलं आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मावशींच्या पाया पडायला गेलो, तर त्या मागं सरकल्या. "माज्या कशाला? त्याच्या पड. मी हितं झाडाया येती."

त्यांना त्यानंच पाठवलं का, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही. त्याच्यावर सोपवलं की आपण नुसतं बसून राहायचं, असं मला वाटायचं. आता हात जोडले की एवढंच म्हणतो: आज माझ्याच्यानं काय होईल ते दाखव, पुढचं तुझं.