नुसती दारू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही.

माझा धाकटा भाऊ सुनील प्यायचा, हे सगळ्या मखमलाबादला ठाऊक होतं. त्याला आवाज ऐकू यायचे, हे फक्त आमच्या घरात. झेंडू तोडता तोडता मध्येच थांबायचा, कुणीतरी शिव्या देतंय म्हणायचा. एकदा मला म्हणाला, "घेतली का ते गप बसत्यात, ताई." इतकं सरळ सांगितलं होतं त्यानं. मला कळलं नव्हतं? कळलं होतं.

नाशिक रोडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या लागूही पडत होत्या, पण दारू सुटेना. डॉक्टर म्हणाले, "व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, पण गोळ्या बंद करू नका. दोन्ही आजार बरोबरच बघायला हवेत."

नेमकं तेव्हाच माझं लग्न जमलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाऊ पितो, हे पाहुणे चालवून घेतात — कुणाच्या घरात कुणी पीत नाही? पण वेडाचं नाव निघालं की सोयरीक मोडते. आणि ज्या केंद्रात त्याला ठेवायचं ठरलं, तिथं माझ्या होणाऱ्या सासूचा भाचा कामाला होता.

सुनीलची पिशवी मीच भरली. कपडे, टॉवेल, बेसनाचे लाडू. गोळ्या — गोळ्या मी काढून घेतल्या. वाटेत त्याला म्हणाले, "सुन्या, माझं लग्न होईस्तोवर आवाजांचं कुणाला बोलू नकोस." केंद्रातल्या बाईंनी विचारलं, डोक्याचा काही त्रास? काही औषधं चालू? मी म्हणाले, "नाही हो, नुसती दारू." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे. मग म्हणाला, "नाय, नुसती दारूच."

आता दारूही नाही, गोळ्याही नाहीत. काय काय ऐकलं असेल त्यानं तिथं? कानांवर उशी दाबून बसायचा म्हणे. विचारलं तर सांगायचा, डोकं दुखतंय.

लग्न झालं. आता बोललास तरी चालेल, एवढंच त्याला जाऊन सांगायचं होतं. मी नव्या साड्या नेसून पाहुण्यांकडे जेवायला जात राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ — कशाची वाट बघत होते मी? एके दिवशी तो तिथून पळाला आणि गोदावरीत सापडला. तोवर त्यानं कुणालाही, काहीही सांगितलं नव्हतं.

गोदावरीच्याच काठावर दहावा घातला. सगळे म्हणाले, दारूनं नेलं पोराला. मी मान डोलावली. सुन्या, अजूनही कुणी विचारलं, तर मी तेच सांगते — नुसती दारू.