आईचा आवाज पाठवला तेव्हा

तूर फुलोऱ्यात होती. मी खटकचिंचोळीला आईकडे राहून घरूनच कंपनीचं काम करत होते. आमचं ॲप शेतकऱ्यांना हवामान बोलून सांगायचं. त्यातली बाई फारच शुद्ध बोलायची. शेजारची अक्का एकदा म्हणाली, "ही बाई बोलायलीय का पेपर वाचायलीय, कळंना."

ते माझ्या मनात राहिलं. आपल्या बोलीतला आवाज घालू का, असं कंपनीत विचारलं, त्यांनी होकार दिला, आणि मी आईला फोनसमोर बसवलं. आधी ती नको म्हणाली. मग डोळे मिटून, समोर कुणी ओळखीचं बसलंय असं समजून बोलत गेली. पाऊस, वारं, ऊन, धुकं म्हणजे आमची धुई, असा एकेक तुकडा मी रेकॉर्ड केला.

त्यासाठी कुणाला ॲप नव्यानं घ्यावं लागणार नव्हतं. ज्यानं ते उघडलं, त्याच्या फोनमध्ये नवा आवाज आपोआप उतरणार होता. आधी मोजक्या फोनांवर सोडला, नीट चालतोय असं दिसल्यावर सगळ्यांना. जिथं रेंज मिळेल तिथं तो पोचत गेला. माझ्या पडद्यावरच्या नकाशात एकेक गाव उजळू लागलं. भालकी, कोहिनूर, मग पार कडगंची. आई माझ्या खांद्यामागून बघत होती.

"मी तर हितंच बसलेय की," ती हळूच म्हणाली.

काही दिवसांनी आम्ही मावशीकडे कोहिनूरला गेलो. धुई अजून उठली नव्हती. रस्त्याकडेची पिवळी तूर मधेच दिसायची, मधेच विरून जायची. बसमधून उतरलो, तर बाकावर एक म्हातारे अप्पा फोन कानाशी धरून बसले होते. फोनमधून आई बोलली, "आज धुई हाय. दुपारपर्यंत फवारू नका."

"व्हय अक्का, न्हाई फवारत," अप्पा फोनला म्हणाले.

हा आवाज हिचाच, हे सांगायला मी पुढं झाले, तसा आईनं माझा हात धरला. अप्पांनी सरकून तिला जागा दिली आणि तेच पुन्हा लावलं. दोघं शेजारी बसून समोरच्या पांढऱ्या शेताकडं बघत आईला ऐकत होते. क्षणभर मलाही कळेना, तिचा आवाज नेमका कुठून येतोय.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, त्यांना सांगू कामून दिलं न्हाईस?

"ते मला व्हय म्हणाले की. आनिक काय सांगायचं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग माझ्याकडं वळली, "'धुई' जरा घाईत म्हणलंय मी. परत घे."

घरी पोचल्यावर घेतलं, आणि दिवेलागणीला नवा तुकडा सगळ्या फोनांवर सोडला.