अवघड घर

“मग दुसऱ्या कुणाला पाठवा. मी त्या घरात परत पाऊल टाकणार नाही.”

“दुसरी आहे कोण? तूच सांग, आहे कोण दुसरी?”

“तो तुमचा प्रश्न, ताई.”

भिंगरी दारातच उभी होती. घडीभर एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळ्या भिंगरी म्हणायच्या. आज मात्र ती खांबासारखी उभी होती. निळा एप्रन तिने घडी घालून टेबलावर ठेवला होता. टेबलामागे ताई. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करणाऱ्या बायकांची ही संस्था. ताई तिच्या प्रमुख आणि ताईंच्या घराची पुढची खोली हे तिचं ऑफिस. एके काळी सकाळी या खोलीच्या दाराशी चपला काढायला जागा नसायची. आता एकच जोड होता, तोही निघायच्या तयारीत.

“एवढं काय केलं मोठ्या बाईंनी?” ताईंनी आवाज जरा उतरवला. “ताट फेकलं? अगं, म्हातारं माणूस. सांभाळून घ्यायचं.”

“ताटाचं काही नाही हो. ताटं मी पुष्कळ झेललीत. बोचकारतात, त्याचंही काही नाही.” भिंगरीने मनगट बाहीत ओढून घेतलं. “काल मी तिथून तुम्हाला फोन केला. म्हटलं, ताई, माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही जरा या. तुम्ही काय म्हणालात?”

ताईंनी टेबलावरचा एप्रन उगाच सरळ केला.

“सांभाळून घे, म्हणालात. त्या दारुड्या मास्तरांकडे होते तेव्हाही हेच. मी पण माणूस आहे की, किती सांभाळायचं? मला कोण सांभाळणार?”

ताईंचे यजमान आतून डोकावले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस; भांडणातसुद्धा हळू पावलांनी यायचा. “चहा घेतेस का गं, भिंगरे?”

“नको काका. बसले की पाघळेन.”

“म्हणजे पुलापलीकडे चाललीस,” ताई म्हणाल्या. “त्या लंगडीकडे.”

लंगडी म्हणजे ताईंच्याच हाताखाली तयार झालेली बाई. भांडून निघून गेली आणि पुलापलीकडे तिने हेच काम सुरू केलं. तिच्याकडे म्हणे आता बायका आपणहून येतात.

“हो, तिच्याकडेच. लंगडत का होईना, ती येते.”

आपल्या दुखऱ्या गुडघ्यांचं कारण ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

ताई स्वतः या कामाला आल्या तेव्हा नवी नवरी होत्या, सावलीला भिणाऱ्या. पहिलंच घर मिळालं एका पहिलवानाचं. अर्धं अंग लुळं पडलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात सगळा राग. तो चावायचा. ताई संध्याकाळी ऑफिसात येऊन रडल्या, काम गेलं असं धरूनच. तेव्हा प्रमुख होत्या मोठ्या बाई. संस्था त्यांनीच काढलेली. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी त्या बाह्या सरसावून पहिलवानाच्या घरी हजर, आणि स्वतःकडची गोड स्वभावाची आंधळी आजी त्यांनी ताईंना देऊन टाकली. बऱ्याच दिवसांनी परत बोलावलं. “ये आता. चावायचा थांबलाय. नखं कापताना तेवढं जपून.”

सगळ्यांच्या बाबतीत हेच. कुणालाच झेपत नाही त्या घराला संस्थेत अवघड घर म्हणायचे, आणि अवघड घर मोठ्या बाईंचं. तसं कुठे ठरवलेलं नव्हतं, पण त्यात कधी बदल झाला नाही. त्यामुळे ‘मला जमत नाही’ म्हणायला कुणी लाजत नसे, आणि तसं म्हणून कुणी घरी बसतही नसे. बाकी मोठ्या बाईंचं बोलणं तिखटच, कौतुक चिमटीभर. तरी बायका त्यांना सोडून गेल्या नाहीत.

खुर्ची सोपवताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “अवघड घर आता तुझं हं.”

ताईंनी ते पाळलं. काही काळ पाळलं. मग गुडघे धरले. मग बैठका, पाहुणे, नवी पाटी, निळे एप्रन, बायकांच्या गळ्यात फोटोची ओळखपत्रं. आळशीपणा त्यांनी कधीच केला नाही. घरातलं कुणी उठायच्या आत त्या टेबलाशी असत. संस्था कशी चकाचक दिसायला लागली. अवघड घर आलं की त्या एखाद्या नव्या मुलीला पाठवत आणि फोनवर धीर देत. एकेक बाई गळत गेली तेव्हा त्यांनी बोल लावला काळाला, हॉस्पिटलांना, हल्लीच्या पोरींच्या नाजूक हाडांना.

भिंगरी चपला चढवत होती. आवाजातला ताठा गेला होता.

“मोठ्या बाई माणसं ओळखत नाहीत आता. स्वतःची खोलीसुद्धा नाही. मला म्हणतात, पोरी, हे अवघड घर आहे, इथली म्हातारी वाईट आहे, तुला नाही जमायचं. ताईला पाठव. मी म्हणते, येताहेत हं ताई. मग दाराकडे बघत बसतात. जेवतसुद्धा नाहीत. दुपार कलली की ताट भिरकावतात.” ती थांबली. “मला ते दाराकडे बघणं बघवत नाही, ताई. म्हणून सोडतेय.”

ती गेल्यावर सून बाहेर आली. “आई, तुमचं काही चुकलं नाही. आता सगळीकडे फोनवरच चालतं.”

“चाललं नाही ना पण,” ताई म्हणाल्या.

यजमानांनी भिंगरीने नको म्हटलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला. “मागे एकदा तू बाईंच्या जिन्यातून परत आलीस. घर बंद होतं म्हणालीस. मी काही बोललो नाही.”

“वरून ओरडणं ऐकू येत होतं त्यांचं. त्यांना तसं बघायचा धीर झाला नाही.”

“ते कळलं होतं मला.”

चहावर साय धरली. ताईंनी भिंगरीचा एप्रन उलगडून अंगाला लावून पाहिला. पोटाशी बंद जेमतेम पुरला. मग खणातून नेलकटर काढून त्यांनी टेबलाशीच नखं कापायला घेतली, मुळापर्यंत. रोग्याच्या अंगाला हात लावणाऱ्या बाईने नखं वाढवायची नाहीत, हे मोठ्या बाईंनी शिकवलं होतं. टेबलाशी बसून बसून त्यांची चांगलीच वाढली होती. अंगठ्याचं नख खोल कापलं गेलं आणि रक्ताचा ठिपका आला, तो त्यांनी चोखून टाकला.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. सगळे जेवायला बसले तेव्हा ताईंनी पानावरून मान वर केली नाही.

“उद्यापासून मी मोठ्या बाईंकडे कामाला जाते आहे. सकाळी लवकर निघेन, अंधार पडल्यावर येईन. दुपारचं माझं जेवण धरू नका. पुढच्या खोलीतलं टेबल काढून टाका, खोली तुम्हाला होईल.”

“आणि संस्थेसाठी फोन आला तर?” सुनेने विचारलं.

“सांगायचं, ताई कामावर गेल्यात.”