भाऊजींचं कपाट

आमच्या धाकट्या भाऊजींना दवाखान्यात सगळे ‘जादूगार’ म्हणतात. मी त्यांची वहिनी. त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते आणि घरी त्यांचं ताटही वाढते, त्यामुळे ही जादू मी दोन्हीकडून पाहिलेली आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच तिच्यात आहे.

त्यांचं राज्य म्हणजे जिन्याखालचं एक लोखंडी कपाट. त्यात लिनक्सवर चालणारा सर्व्हर आणि त्याच्या डोक्यावर स्विच, म्हणजे साऱ्या इमारतीच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. या दोघांना जोडणारी वायर एकच. तिच्यातूनच लॅबचं, वॉर्डांचं आणि बिलांचं काम जातं, पण एकमेकांत मिसळत नाही, कारण सर्व्हर प्रत्येक निरोपावर नंबराचं लेबल लावतो आणि स्विच ते वाचून निरोप ज्या त्या खोलीत सोडतो. याला व्हीलॅन म्हणतात. आम्हीही रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावतो, पण त्यासाठी आम्हाला कुणी जादूगार म्हटलेलं नाही.

आमच्याकडे वीज वरचेवर जाते. जनरेटर लागेपर्यंत क्षणभरच अंधार होतो. सर्व्हरला बॅटरी आहे, तो तग धरतो. स्विचची बॅटरी कधीच मेली, आणि नवी आणा असं भाऊजींच्या तोंडून कधी निघालं नाही. त्यामुळे स्विच जागा होतो तो सगळे नंबर विसरून. सर्व्हर लेबलं लावून निरोप धाडत बसतो आणि इकडे ती ओळखणारं कुणी नसतं. मग दवाखानाभर एकच हाक, ‘जादूगार कुठेत?’ जादूगार आधी चहा संपवतात. मग लॅपटॉप काखेत मारून डुलत डुलत येतात, खटाखट टाइप करतात आणि निघताना नर्सबाईंकडे बघून हसतात.

यातली मेख त्यांनीच मला जेवताना सांगितली होती.

“वहिनी, स्विचला सांगितलेलं नुसतं त्याच्या डोक्यात राहतं. शेवटी एक शब्द टाइप केला की ते कायमचं लिहिलं जातं. मग वीज जाऊ दे नाहीतर येऊ दे.”

“मग टाका की तो शब्द!”

“का म्हणून? गरज सरो, वैद्य मरो. म्हणून गरज सरूच द्यायची नाही,” असं म्हणून त्यांनी भात मागितला. मी वाढला. सासूबाई बाजूलाच होत्या. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, तरी त्या लेकाकडे कौतुकाने बघत होत्या.

मी दुसऱ्याच दिवशी मॅनेजरसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही रक्त बघा.” आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! उलट भाऊजींच्याच सांगण्यावरून त्यांनी ऑपरेशन थिएटरबाहेर नोटीस लावली, की हाताने लिहिलेला रिपोर्ट यापुढे चालणार नाही, स्क्रीनवर येईल तोच खरा. लोकांचं अक्षर वाचताना चुका होतात हे खरंच आहे. पण भाऊजींना अक्षराचं काही पडलेलं नव्हतं. लॅबची दोरीही आपल्या कपाटाला बांधलेली हवी होती.

आणि मग सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ताजा रक्ताचा रिपोर्ट हवा होता. सासूबाई सकाळपासून उपाशी, थिएटरबाहेर ट्रॉलीवर, आणि भाऊजी त्यांचा हात धरून उभे. खाली माझ्या मशीनने काम पुरं केलं आणि वीज गेली. आली तेव्हा माझ्या स्क्रीनवर लिहिलं होतं, ‘सर्व्हर सापडत नाही’.

मी आकडे कागदावर उतरवले, सही केली आणि धावत वर गेले. डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. “नोटीस तुमच्याच घरची आहे ना? स्क्रीनवर येऊ द्या.”

“अहो, जादूगार तर इथेच आहेत!” कुणीतरी आनंदाने ओरडलं.

त्या दिवशी चहा नव्हता. भाऊजी जिन्यावरून धावले, एक चप्पल मागेच राहिली, आणि मागोमाग मी. वॉर्ड सुरू झाले, बिलं सुरू झाली. बिलं आधी, अर्थात! लॅब काही उठेना. सगळे नंबर डोक्यात ठेवण्याची त्यांना फार घमेंड होती, आणि आज डोकं वर ट्रॉलीपाशी राहिलं होतं.

“वहिनी, लॅबचा नंबर काय होता हो?” त्यांनी मला विचारलं. मला!

सर्व्हरवर तो नंबर लिहिलेला होता. तिथे बघायचं सुचेपर्यंत बराच वेळ गेला. बघितला तेव्हा कळलं, की ते मघापासून एकवीसच्या जागी बाराच घालत होते.

तोवर वर सासूबाई नर्सला सांगत होत्या (तिनेच मला नंतर सांगितलं), “धाकटा गेलाय ना खाली? मग झालंच म्हणून समज. तो नसला तर हा दवाखाना चालत नाही.”

रिपोर्ट आला, पण तोपर्यंत त्यांच्या जागी दुसरा पेशंट आत गेला होता आणि त्यानंतर सर्जनना वेळ नव्हता. उद्या सकाळी, असं ठरलं. ट्रॉलीवरून परत कॉटवर घेताना सासूबाई अशा किंचाळल्या, की मला भाऊजींची किळस आली. मी सरळ खाली गेले.

“भाऊजी, आता तरी तो शब्द टाका.”

त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली. टाकला असता, असं मला अजूनही वाटतं. पण तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले आणि त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही होतात म्हणून निभावलं बरं का!”

भाऊजींचा चेहरा उजळला. “किचकट काम आहे, सर. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही,” म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना थिएटरकडे न्यायला निघालो. त्यांनी मान वळवून या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. “धाकटा कुठंय गं?”

धाकटा उजाडल्यापासून जिन्याखाली स्टुलावर बसला होता. कपाट उघडं, लॅपटॉप मांडीवर, स्विचला वायर जोडलेली, आणि या वेळी सगळे नंबर कागदावर लिहून समोर चिकटवलेले. वीज गेली तर लगेच टाइप करता यावं म्हणून. तो एक शब्द टाकला असता तर वर येऊन आईचा हात धरता आला असता. वीज त्या सकाळी गेलीच नाही.

“कपाटापाशी बसलेत,” मी म्हटलं.

सासूबाईंचे डोळे भरून आले. “बघ,” ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी किती करतो माझा लेक,” आणि त्यांना आत नेलं.