पाटावरची नावं

मी माऊसला हात लावला आणि मालकांच्या पुतण्याने खिशातून रुमाल काढून तो माऊस पुसला. माझ्यासमोर. "तू डोळे रंगव," म्हणाला, "क्लाउड वगैरे तुझं काम नाही."

माझे हात स्वच्छ होते. साबणाने धुऊन आले होते मी. त्याने काय पुसलं ते मला बरोबर कळलं.

पेणला गणपतीच्या कारखान्यात सात वर्षं मी मूर्तींचे डोळे आखते. आईबाप खाडीवर मिठागरात राबले. मी रोह्याला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. सर्टिफिकेट मालकांना दाखवलं तर म्हणाले, "वा! घरी फ्रेम करून लाव." आणि कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासमोर पुण्याहून पुतण्या आणून बसवला.

आमच्याकडे गिऱ्हाईक आषाढातच आपल्या घरचा पाट आणून ठेवतं. त्याच पाटावर त्यांचा गणपती घरी जायचा. पाटामागे खडूने नाव; पाट धुतला की आम्ही ते लगेच परत लिहायचो. पुतण्याला ते गावठी वाटलं. त्याने ऑर्डरी क्लाउडवर चढवल्या, खडूची नावं पुसली आणि नंबरांचे स्टिकर चिकटवले. मी म्हटलं, "दादा, पाट धुतात. स्टिकर राहणार नाय. पाटाचा फोटो नावाला जोडा." तो हसला. माझ्या बाजूला बसणारी बाईसुद्धा हसली. तिचा जास्त राग आला मला.

पण पाट येत होते तेव्हाच मी एकेकाचा, खडूच्या नावासकट, फोटो काढला होता. माझ्या फोनवरून माझ्याच क्लाउडवर, नावाप्रमाणे लावून ठेवले होते.

व्हायचं तेच झालं. धुताना स्टिकर निघाले. पुतण्याने अंदाजाने पाट लावले आणि कुणाला बोलला नाय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी अष्टमी गावच्या एक काकी गणपती न्यायला आल्या आणि कडाडल्या, "हा पाट आमचा नाय! माझा गणपती परक्याच्या पाटावर बसवलात व्हय?" मागे दारापर्यंत माणसं. यादी क्लाउडवर चकाचक, पण कुठला पाट कुणाचा ते सांगायला एक माणूस नाय.

मालक सगळ्यांसमोर माझ्यावर घसरले. "पाट तूच धुतलेस ना? घोळ तुझाच." पुतण्या मोबाईलमध्ये तोंड घालून उभा.

डोकं फिरलं माझं. सात वर्षं खाली मान घालून ब्रश चालवला तो ह्यासाठी? "घोळ माझा नाय," मी म्हटलं. आवाज चढला तर चढला. फोन उघडला, नाव टाकलं. काकींच्या पाटाचा फोटो आला, कोपऱ्याला समईने जळाल्याचा डाग. दुपारपर्यंत एकूणएक गणपती आपापल्या पाटावरून घरी गेला. लोकांची चूक नव्हती, म्हणून केलं.

मग पुतण्या जवळ आला. "ते फोटो मला पाठव. मी सिस्टीममध्ये टाकतो."

"नाय. मी टाकीन. माझ्या नावाचं लॉगिन द्या."

मालक म्हणाले, "काय गो, सणासुदीला कसला हट्ट? बघू नंतर."

विसर्जन होऊन गेलं. लॉगिन आलं नाय. गिऱ्हाइकांना मात्र मालक ऐटीत सांगतात, "आमचं सगळं आता क्लाउडवर हाय."

काल त्यांच्या तोंडावर सांगून आले. पुढल्या आषाढात पहिला पाट यायच्या आधी लॉगिन हातात नसेल, तर मी ह्या कारखान्यात नसेन. पेणमध्ये कारखाने कमी नायत. फोटो पाठवले नायत, पाठवणारही नाय. आणि त्या रुमालवाल्याच्या हाताखाली मी परत बसणार नाय.